फितुरीचा आरोप आणि रामाजी कामत

किनाऱ्यावरचे व्यापारी : लेखांक सहावा

१७२० साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतल्या एका जुन्या, भरवशाच्या माणसावर फितुरीचा खटला चालवला. माणूस होता रामाजी कामत. कंपनीच्या दप्तरात तो ‘रामा कामाठी’ म्हणून येतो. आरोप असा होता की त्याने कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केला आणि इंग्रजांच्या मोहिमांच्या बातम्या त्यांना कळवल्या. त्याला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. गेल्या तीनशे वर्षांत या माणसाच्या दोन कथा तयार झाल्या. एकीत तो कंपनीचे मीठ खाऊन उलटलेला कारस्थानी व्यापारी आहे, दुसरीत इंग्रजांच्या घरात बसून आंग्र्यांचे काम करणारा छुपा देशभक्त. दोन्ही कथा एकच गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे आरोप खरा होता. या लेखात मला नेमके तेच तपासायचे आहे. माझे म्हणणे असे की या खटल्यावरून रामाजीच्या निष्ठेबद्दल फारच थोडे कळते. कळते ते हे, की सतत हरणाऱ्या सत्तेला आपल्या पराभवाचे कारण कुठेतरी दाखवावे लागते, आणि दोन सत्तांच्या मध्ये उभा असलेला व्यापारी त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो.

रामाजी गौड सारस्वत, शेणवी. मुंबई बेट १६६८ साली कंपनीच्या ताब्यात आले तेव्हा तिथे वस्ती तुटपुंजी, हवा रोगट आणि व्यापार सुरतेच्या मानाने क्षुल्लक होता. बंदर उभे करायचे तर भांडवल असलेले देशी व्यापारी हवेत, हे गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या ध्यानात आले. दीवच्या निमा पारेखने १६७७ मध्ये मुंबईत येण्याआधी धर्म पाळण्याची, आपल्या रीतीने प्रेतदहन करण्याची मोकळीक कंपनीकडून लिहून घेतली होती. व्यापाऱ्याची गरज कंपनीला किती होती ते एवढ्यावरून दिसते. रामाजी मोठा झाला तो याच वातावरणात. पैसा त्याच्याकडे होताच, शिवाय कंपनीच्या देशी शिपायांचा कारभारही त्याच्या हाती होता. म्हणजे व्यापार आणि हत्यारबंद माणसे ही बेटावरची दोन खरी बळे एका माणसाजवळ आली होती. पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झालेले वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये त्यानेच नव्याने बांधले. आणि १७१८ च्या नाताळात, सेंट थॉमस चर्चमध्ये पहिली उपासना झाली त्या दिवशी, हाच रामाजी आपल्या जातभाईंना घेऊन तिथे गेला होता. पाद्री रिचर्ड कॉब याने नोंदवून ठेवले आहे की ही मंडळी उपासना संपेपर्यंत बाहेर उभी राहून सगळे पाहत होती. गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या सोहळ्यातला हा मानाचा माणूस दीड वर्षाच्या आत कैदी झाला. त्या मधल्या काळात काय घडले ते आता पाहू.

त्यासाठी आधी आपला किनारा समजून घ्यावा लागतो. बोर्लीहून दिघीला गेले की खाडीच्या तोंडाशी जंजिरा समोर दिसतो. बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन हा सगळा मुलूख सिद्दीचा. उत्तरेला कुलाबा आणि खांदेरी आंग्र्यांची, चौल-रेवदंडा पोर्तुगीजांचे, त्यापलीकडे मुंबई इंग्रजांची. भरल्या शिडाने एका दिवसात गलबत तीन सत्तांच्या पाण्यातून जाई. प्रत्येक सत्ता आपले दस्तक मागे, नसेल तर माल जप्त करी. अशा समुद्रावर ज्याला फक्त एकाच दरबारात ओळख आहे तो व्यापारी टिकणे शक्य नव्हते. आंग्र्यांच्या सुभेदाराशी, सिद्दीच्या कारभाऱ्याशी, चौलच्या फिरंग्याशी पत्राने बोलणे हा धंद्याचाच भाग होता, आणि याच ओळखीमुळे तो व्यापारी आपल्या धन्यालाही मोलाचा वाटे. पकडलेले जहाज सोडवायचे, खंडणी ठरवायची, तहाची बोलणी लावायची, तर मध्यस्थ कोण? तोच. मात्र याच ओळखीचा संशयही येई. श्रीवर्धनच्या भट घराण्याची हकीकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आंग्र्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने या घराण्यावर हात टाकला, बाळाजी विश्वनाथांचे बंधू जानोजी यांना पोत्यात घालून समुद्रात बुडवले, आणि बाळाजी सावित्री ओलांडून वेळासच्या भानूंकडे गेले, असे परंपरा सांगते. आरोप तोच, आंग्र्यांशी पत्रव्यवहार. बाळाजी निसटले आणि पेशवे झाले. रामाजीला निसटायला जागा नव्हती, कारण त्याचे घर, देऊळ, पैसा, माणसे सगळे मुंबई बेटावर होते.

कंपनी आणि आंग्रे यांचे संबंधही सदैव वैराचे नव्हते, हे आरोप तोलताना लक्षात ठेवले पाहिजे. १७१२ मध्ये आंग्र्यांनी गव्हर्नरची नौका पकडली, तीत कारवारच्या गोऱ्या अधिकाऱ्याची तरुण बायको होती. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडले आणि तह झाला. म्हणजे खुद्द कंपनी कान्होजींशी लिहीत, बोलत आणि पैसे मोजत होती. तह मोडला तो मालकीच्या प्रश्नावर. कंपनीच्या निशाणाखाली जाणारे प्रत्येक गलबत इंग्रजी मानावे, असा मुंबईचा हट्ट. कान्होजींचे म्हणणे असे की तह इंग्रजांच्या जहाजांपुरता आहे, देशी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी कागदाखाली लपवला म्हणून तो इंग्रजी होत नाही. या वादात दोन्ही बाजूंना जो माल दिसत होता तो रामाजीसारख्यांचाच होता. युद्ध पेटले तर पहिले नुकसान त्यांचे. त्यामुळे एखाद्या मुंबईकर व्यापाऱ्याने आंग्र्यांच्या माणसांना चार ओळी लिहिल्या असतील, तर त्यात आश्चर्य कसले? सिद्ध करायला हवे होते ते वेगळेच, म्हणजे त्या ओळींत मोहिमेची बातमी होती काय.

बून १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर झाले. त्यांनी शहराभोवती तट पुरा केला, लढाऊ जहाजे बांधली आणि आंग्र्यांना मोडून काढायचा चंग बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावरचा हल्ला फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात ते स्वतः खांदेरीवर गेले. खांदेरी थळच्या किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटर. मुख्य भूमीवरून होड्यांनी दाणापाणी आणि माणसे पोचवता येतात, म्हणून बेट घ्यायचे तर आधी ही वाट तोडावी लागते. त्या कामावर कंपनीने नेमला मॅन्युअल द कास्ट्रो, जो आधी आंग्र्यांच्याच चाकरीत होता. त्याच्या गलबतांच्या पहाऱ्यातून मदत बेटावर पोचली. किनाऱ्यावर उतरायला देशी शिपाई कचरले. मोहीम गुंडाळावी लागली. चर्चच्या सोहळ्याला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. या पराभवाची कारणे कुणाही दर्यावर्द्याला उघड दिसतील अशी होती. थळची वाट बंद झाली नव्हती, उथळ पाण्यात मोठी जहाजे जवळ जाऊ शकत नव्हती, आणि परक्या सैन्याने उतरायचा तो किनारा खडकाळ होता. पण ही कारणे मान्य केली की दोष मोहीम आखणाऱ्यावर जातो. फितूर सापडला तर जात नाही.

आता पुरावा. मुख्य आधार होता तो कान्होजींना लिहिल्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या पत्रांचा आणि शिक्क्यांचा. ती बनावट असल्याचे या खटल्याची छाननी करणाऱ्या अभ्यासकांचे मत आहे. बाकी साक्षी ऐकीव, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकले अशा थाटाच्या. रामाजीच्या कारकुनाकडून कबुलीजबाब कसा मिळवला ते तर खुद्द कंपनीच्याच कागदात आहे. त्याच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून आवळले आणि त्या वेदनेने तो बोलता झाला. हे लिहिणाऱ्याला ते लपवावेसे वाटले नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. खटल्यात रामाजीबरोबर दलबा भंडारी हाही अडकला. आणि न्याय करायला बसले होते गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल, म्हणजे खांदेरीहून हात हलवत परतलेलेच लोक. ज्यांच्या अपयशाचा खुलासा या खटल्यातून होणार होता तेच न्यायाधीश होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अठराव्या शतकाला आजचे माप लावू नये, तेव्हा छळ करून कबुली घेणे सगळीकडे चाले. सिद्दीच्या, मोगलांच्या, मराठ्यांच्या राज्यातही कैद्याला फुलांनी मारत नसत, हे खरे आहे. पण इथे मी आजचे माप लावतच नाही, लावतो ते कंपनीने स्वतः मिरवलेले माप. ऑन्जियरने १६७२ मध्ये मुंबईत इंग्रजी कायद्याचे न्यायालय मिरवणुकीने उघडले तेव्हा सर्व जातिधर्मांच्या लोकांना सारखा न्याय मिळेल, असे जाहीर केले होते. व्यापारी इथे आले ते त्या शब्दावर. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात छळाने मिळवलेल्या कबुलीला स्थान नव्हते, आणि छळाचे अधिकृत हुकूम तिथे १६४० नंतर निघालेले दिसत नाहीत. लंडनमध्ये जे चालले नसते ते मुंबईत चालवले गेले, आणि ते एका अशा माणसावर, ज्याने त्या कायद्याच्या भरवशावर आपले आयुष्य त्या बेटाला बांधून घेतले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रामाजी काही साधा, गरीब माणूस नव्हता. पैसा आणि शिपाई दोन्ही बाळगणारा माणूस भांडणांपासून अलिप्त राहिला असेल हे संभवत नाही. देण्याघेण्याच्या तक्रारी, भाव पाडल्याचे आरोप, माणसे दाबल्याच्या कुरबुरी, हे त्या काळच्या प्रत्येक बड्या व्यापाऱ्याच्या वाट्याला आले, त्याच्याही आले असणार. मग त्याच्याविरुद्ध बोलणारी माणसे सगळीच खोटी कशी? सगळी खोटी आहेत असे मी म्हणत नाही. माणूस दुखावलेला असतो, त्याला संधी मिळते, आणि तो आपल्या दुखावल्याचा हिशेब भलत्याच कलमाखाली मांडतो. दिवाणी तक्रार असेल तर ती दिवाणी न्यायालयात तपासावी, त्यात रामाजी दोषी ठरला असता तर आज त्याची बाजू घ्यायचे कारण उरले नसते. पण भांडखोरपणाचा पुरावा फितुरीच्या खात्यावर जमा करता येत नाही. ज्या कंपनीने त्याला वीस-पंचवीस वर्षे हे बळ वापरू दिले, कारण ते तिच्या कामाचे होते, तिनेच ते अचानक संशयाचे कारण ठरवले. बदलला होता तो कंपनीचा युद्धातला अनुभव. रामाजी बदलला होता याचा पुरावा कुठेच नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच बाजूचा आहे, आणि तो खोडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आंग्र्यांच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला रामाजी आंग्र्यांचा माणूस असावा असे मनातून वाटते. पण त्याला छुपा देशभक्त ठरवायला आपल्याजवळ पुरावा कोणता? बूनच्या कौन्सिलपुढे ठेवलेली तीच पत्रे आणि अंगठे आवळून घेतलेली तीच कबुली. ती नाकारायची असेल तर देशभक्तीची कथाही सोडावी लागते. रामाजीने वाळकेश्वर बांधले आणि चर्चच्या सोहळ्यालाही हजेरी लावली. आपला धर्म आणि कंपनीची चाकरी यांत त्याला विरोध दिसत नव्हता, आणि १७१८ मध्ये तो दिसावा अशी अपेक्षा करणे म्हणजे नंतरची दोनशे वर्षे त्याच्या डोक्यावर लादणे. मुंबई वाढली तर आपण वाढू, हे त्याचे राजकारण होते, असे उपलब्ध कागद सांगतात.

आरोप पोकळ होता याचा सर्वांत भक्कम पुरावा खटल्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. रामाजी कैदेत गेला, बातम्या फुटण्याची म्हटलेली वाट बंद झाली. तरी १७२० च्या शरदात विजयदुर्गावर गेलेली मोहीम पुन्हा फसली. तिच्यासाठी कंपनीने मोठा खर्च करून ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना बांधला होता, पण त्याच्या तोफांची दारे अशी कोती होती की मारा नीट करता येईना. १७२१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना बरोबर घेऊन आणि इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज याची जहाजे आणून कुलाब्यावर, म्हणजे आजच्या अलिबागवर, चाल झाली. बाजीराव घोडदळ घेऊन मदतीला आले, पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये वेगळा तह केला आणि इंग्रज हात चोळत परतले. त्याच महिन्यात बून यांनी मुंबई सोडली. या दोन्ही मोहिमांत बातमी फोडायला रामाजी मोकळा नव्हता. पराभवाची कारणे १७१८ प्रमाणेच मोहिमेतच होती.

रामाजी कामत सुटला नाही. १७२८ मध्ये तो कैदेतच वारला, कान्होजींच्या आदल्या वर्षी. त्याच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, लादलेला होता, असाच निकाल उपलब्ध पुराव्यावरून द्यावा लागतो. हा निकालही आपण कंपनीच्याच कागदांतून काढतो आहोत, व्यापाऱ्याच्या बाजूचा कागद त्यात नाही. दिवेआगरच्या मातीने शके ९८२ चा मराठी ताम्रपट जपला, तेव्हा कागद टिकत नाहीत असे या भागाबद्दल म्हणवत नाही. श्रीवर्धन, बोर्ली, दिवेआगर, म्हसळा इथल्या जुन्या घरांत माळ्यावर मोडी कागदांची बासने असतील, त्यांत दस्तके, गलबतांचे हिशेब, सिद्दीच्या किंवा आंग्र्यांच्या कारभाऱ्यांची पत्रे असू शकतात. वाळवी लागण्याआधी ती बासने सोडा, मोडी वाचणाऱ्याला दाखवा, आणि पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांच्या प्रती तरी पोचवा.

पुढील आठवड्यात : बाणकोट इंग्रजांकडे गेल्यावर सावित्रीच्या व्यापाऱ्यांचे काय झाले?