कंपायलर ठेवायचा की काढायचा?

पॅकेज तयार करताना जे लागते ती बिल्ड-टाइम डिपेंडन्सी आणि तयार प्रोग्रॅम चालताना जे लागते ती रनटाइम डिपेंडन्सी. कंपायलर आणि हेडर फाइली सहसा पहिल्या गटात मोडतात. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग उतरवतात, तशी ही सामग्री काम झाल्यावर काढता येते. डेबियनमध्ये दोन्हींच्या याद्या वेगळ्या असतात, ‘बिल्ड-डिपेंड्स’ आणि ‘डिपेंड्स’. पायथॉनमध्ये हा प्रश्न बराच काळ अंडे आधी की कोंबडी आधी असा होता: बांधणीला काय लागते हे कळण्यासाठी बांधणीची स्क्रिप्टच चालवावी लागे आणि तिलाच आधी काही पॅकेजे हवी असत. 2016च्या ‘पेप 518’ प्रस्तावाने ही यादी स्वतंत्र फाइलमध्ये आणली.

वर्गवारी सोपी वाटते, पण पवईच्या आयआयटीतील एअरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या दोन सॉफ्टवेअरांपाशी ती अडखळते. त्रिमितीय आकृत्या काढणारे ‘मायावी’ व्हीटीके या सी++ लायब्ररीवर उभे आहे. बांधणीच्या वेळी त्याची स्क्रिप्ट व्हीटीके उघडून त्यातले क्लास तपासते आणि त्यांच्यासाठी पायथॉनचे वेष्टन आपोआप लिहिते. आकृती काढताना पुन्हा व्हीटीके लागतेच. म्हणजे एकच लायब्ररी दोन्ही याद्यांत येते, आणि खरी मेख आवृत्तीत आहे. पायथॉनची पॅकेजे बसवणारे पिप हे साधन बांधणीसाठी तात्पुरते, वेगळे वातावरण उभारते. तिथे नवी व्हीटीके आली आणि वापरणाऱ्याकडे जुनी असली, तर वेष्टनात नोंद असलेली मेथड प्रत्यक्षात सापडत नाही. अशा वेळी पिपचे हे वेगळे वातावरण बंद करून, जी व्हीटीके वापरायची तिच्यावरच बांधणी करणे श्रेयस्कर. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीच्या बाबतीतही आवृत्ती जपावी लागते. जून 2024मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीवर चालण्यासाठी, 1.x समोर ठेवून कंपाइल केलेली पॅकेजे नव्याने बांधावी लागली.

दुसरे सॉफ्टवेअर ‘पाय-एसपीएच’. द्रव पदार्थाला कणांचा समूह मानून ते त्याच्या प्रवाहाचे गणित करते. वापरणारा समीकरणे पायथॉनमध्ये लिहितो, पण वेग हवा म्हणून त्यांतून सायथॉनचा कोड तयार होतो आणि तो वापरणाऱ्याच्याच संगणकावर, ऐन चालण्याच्या वेळी कंपाइल होतो. त्यामुळे इथे कंपायलर हीच रनटाइम डिपेंडन्सी ठरते. पिपला मात्र पायथॉनची पॅकेजे तेवढी आणता येतात. सी++ कंपायलर वापरणाऱ्याने आधीच बसवलेला असावा लागतो.

प्रोग्रॅम त्याच्या डिपेंडन्सींसह एका इमेजमध्ये बांधणाऱ्या डॉकरमध्ये 2017पासून बहुटप्पी बांधणी करता येते: पहिल्या टप्प्यात कंपायलरसह सगळा पसारा, अंतिम इमेजमध्ये फक्त तयार माल. इमेज हलकी ठेवण्याचा हा चांगला मार्ग आहे. पण पाय-एसपीएचच्या अंतिम इमेजमधून कंपायलर वगळला, तर पॅकेज बिनतक्रार बसते आणि नवे समीकरण चालवायला घेताच बंद पडते.