सुसानाचे माहेर

घराण्याची वंशावळ काढायला बसले, की पुरुषांची नावे सात-सात पिढ्या मागे जातात. बायका मात्र ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावरच थांबतात. हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीच्या पहिल्या नवरीचीही तीच गत झाली.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी तिकडे गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे दगावले. विल्यम व्हाइट २१ फेब्रुवारीला वारला. मागे पत्नी सुसाना, एक लहान मुलगा आणि जहाजावरच जन्मलेले तान्हे बाळ. २४ मार्चला एडवर्ड विन्स्लोची पत्नी गेली. १२ मेला सुसाना आणि एडवर्ड यांचे लग्न लागले, तेही पाद्र्यावाचून. विवाह हा दिवाणी व्यवहार, म्हणून तो अधिकाऱ्यासमोर झाला.

इथे जुन्या तारखा चकवतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला लागे. म्हणजे विन्स्लोची पत्नी वारली ती १६२० च्या अखेरच्या दिवशी, आणि लग्न १६२१ मधले! कागदावर वर्ष उलटलेले दिसते. मध्ये गेले ते फक्त सात आठवडे. नाक मुरडण्यापूर्वी पदरी तान्हे मूल असलेली ती विधवा आठवावी.

तिचे माहेर कोणते? हॉलंडमध्ये लायडन येथे १६१२ साली कुणा विल्यम व्हाइटचे अ‍ॅना फुलरशी लग्न झाल्याची नोंद आहे. झाले! हीच आपली सुसाना असे धरून वंशावळकारांनी तिला फुलरांच्या घरात नेऊन बसवले. पण विल्यम व्हाइट काय एकच होता? १६२३ साली विन्स्लोने रॉबर्ट जॅक्सन या ‘काकां’ना लिहिलेल्या पत्राचा धागा धरून संशोधकांनी अलीकडे तिला इंग्लंडमधील स्क्रूबीच्या रिचर्ड जॅक्सनची मुलगी ठरवले आहे.

एरवी अशा वेळी बापाचे मृत्युपत्र कामी येते. ‘माझी मुलगी, अमक्याची बायको, हिला एक गाय’ अशी एक ओळ मिळाली, तरी माहेर आणि सासर दोन्ही सापडतात. मात्र शब्द जपून वाचावे लागतात: त्या काळी ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही, आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगासुद्धा.

विन्स्लोने १६५४ साली समुद्रप्रवासाला निघताना मृत्युपत्र केले. न्यू इंग्लंडमधील जमीनजुमला मुलगा जोसाया याला. त्यातला तिसरा हिस्सा पत्नीला, ती हयात असेतो. बरोबर नेलेले तागाचे कपडे मुलगी एलिझाबेथ हिला. मुलाचे नाव आहे, मुलीचे आहे. पत्नीपुढे मात्र नुसते ‘माझी पत्नी’.