माझ्या नावाचं कार्ड

ऑगस्टमधल्या एका दुपारी मेलबॉक्स उघडला, तर पिझ्झ्याची कूपनं, छप्पर दुरुस्त करणाऱ्यांचं पत्रक आणि त्या दोघांच्या मध्ये एक साधं पांढरं पाकीट. आत डेबिट कार्ड. शनिवारच्या मराठी वर्गाची फी मी ज्या पेमेंट ॲपवर घेते, त्या ॲपच्या खात्याला जोडलेलं. त्यावर नाव माझं. फक्त माझं.

ट्रॉयला येऊन सात वर्षं झाली. पर्समध्ये कार्डं बरीच आहेत, पण प्रत्येकामागचं खातं एक तर नवऱ्याचं, नाही तर दोघांचं. एच-फोर व्हिसावर आलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून बहुतेक दारं बंद. २०१५ पासून काही अटींवर एच-फोरवाल्यांनाही कामाचा परवाना मिळू लागला, पण आमची कागदपत्रं त्या टप्प्याला पोचेपर्यंत मुलगी तिसरीत गेली होती. सांगलीत शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची सवय होती. रक्कम काही फार नसायची, पण पान उलटताना बरं वाटायचं. ते पासबुक इकडे येताना आईकडे ठेवून आले.

"हे कशाला आणखी एक?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न वाजवी होता. मी कार्ड लगेच चालू केलं नाही. फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवलं आणि त्याबरोबर आलेली बारीक अक्षरातली पत्रिका वाचायला घेतली.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं, कारण हा घोळ तिकडे होत नाही. माझ्या सासूबाई मिरजेत मेथीची जुडी घेतात आणि फोनने पैसे देतात, तेव्हा ते त्यांच्या बँकेतून निघून थेट भाजीवाल्याच्या बँकेत जातात. यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेच असं, बँकेपासून बँकेपर्यंत. ॲप कुठलंही असो, ते फक्त निरोप्या. इथे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे झेल, बँकांनी मिळून २०१७ मध्ये आणलेलं. पण आपल्या मंडळींमध्ये भिशीपासून बर्थडे गिफ्टपर्यंत जे जास्त चालतं, ते पेपाल, व्हेन्मो या जातीचं. त्यात कुणी पैसे पाठवले की ते तुमच्या बँकेत जात नाहीत, कंपनीकडच्या तुमच्या शिलकीत जमा होतात. तिथून बँकेत आणायचे तर तुम्ही स्वतः आणायचे. एक ते तीन कामाचे दिवस थांबलात तर फुकट, लगेच हवे असतील तर या दोन्ही ठिकाणी पावणेदोन टक्के कापून. माझ्या शिलकीत तेव्हा ४१२ डॉलर होते. म्हणजे घाई केली तर सात डॉलर एकवीस सेंट.

डेबिट कार्डाचा मुद्दा इथे येतो. कार्ड घेतलं की ती शिलक बँकेत न आणताच दुकानात खर्च करता येते. कंपनीलाही तेच हवं असतं. तुमचा पैसा तिच्या अंगणातून बाहेर जात नाही, आणि दर खरेदीमागे दुकानदाराकडून जी फी कापली जाते त्यातला वाटा तिच्या बाजूला येतो. त्यातूनच आपल्याला कॅशबॅक. पेपालने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या डेबिट कार्डावर दर महिन्याला आपण निवडू त्या एका प्रकारच्या खरेदीवर, म्हणजे किराणा किंवा पेट्रोल असं काही, हजार डॉलरपर्यंत पाच टक्के द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मीही कागदावर हिशोब मांडला. महिन्याचा किराणा ३०० डॉलर धरला तर पंधरा डॉलर परत. सध्याचं क्रेडिट कार्ड दोन टक्के देतं, म्हणजे सहा. फरक महिन्याला नऊ, वर्षाला १०८ डॉलर. वाईट नाही. पण ज्या पाच टक्क्यांवर ग्रुप उड्या मारत होता, ते खरे तीनच.

मी एम. ए. मराठी. अर्थशास्त्राशी माझं नातं दहावीच्या पुस्तकापुरतं. पण 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' हे मी अनेक वर्षं मुलांकडून करून घेतलं आहे, आणि त्या पत्रिकेचं मी तेच केलं. लाल पेन घेतलं आणि प्रत्येक परिच्छेदाला विचारलं : पैसे कुणाकडे आहेत? बुडाले तर कोण देणार? अडकले तर कुणाला विचारायचं?

तिसरा प्रश्न मी उगाच लिहिला नव्हता. आदल्या वर्षी कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. "तुझ्याच ॲपवर घेऊन टाक गं सगळ्यांचे, सोपं पडेल," असं ठरलं. (असं नेहमी चहा पितापिता ठरतं.) दोन दिवसांत साठ-पासष्ट कुटुंबांचे पैसे आले, एकूण १८६० डॉलर. कुणी शेऱ्यात 'मसाला दूध' लिहिलं, कुणी नुसता चंद्र काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर लाल पट्टी : खात्याची तपासणी सुरू आहे, तोपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. कोणत्या ॲपची गोष्ट ते इथे लिहीत नाही. फोन केला तर यंत्र बोलायचं, चॅटवर लिहिलं तर दर वेळी नवीन माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. कार्यक्रमाची परवानगी, जेवणाचं बिल, माझं ओळखपत्र, सगळं पाठवलं. एक उत्तर आलं की 'मसाला' हा शब्द काय आहे ते स्पष्ट करावे. मराठी शिकवणाऱ्या बाईला जगात हाच प्रश्न विचारायचा राहिला होता.

सोळा दिवस लागले. कोजागिरी अर्थातच थांबली नाही. केटररचे पैसे आम्ही घरातून दिले, हीटरच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. नवरा काही बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. कार्यक्रमात एक काका हसत म्हणाले, "काय, आमच्या पैशांचं दूध आटवताय का?" त्यांनी गंमतच केली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ग्लास मोजत बसले.

पैसे बुडाले नाहीत, सगळे मिळाले. पण 'माझ्या खात्यात आहेत' आणि 'माझ्या हातात आहेत' यांत केवढं अंतर असतं, ते त्या सोळा दिवसांत कळलं. आपल्याकडच्या लोकांना ते नवीन नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईतल्या शाखांबाहेरच्या त्या रांगा आपण सगळ्यांनी इथून टीव्हीवर पाहिल्या. त्यानंतर २०२० मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. अमेरिकेत ही मर्यादा एका बँकेत एका खातेदाराला अडीच लाख डॉलर आहे, आणि एफडीआयसीचं नाव वाचून आपण निवांत होतो.

माझ्या लाल पेनाने इथेच सर्वांत जास्त रेघा मारल्या. हा विमा बँक बुडाली तर लागतो. पेमेंट कंपनी बँक नाही. ती आपले पैसे कुठल्या तरी भागीदार बँकेत ठेवते, आणि त्यांना विम्याचं छत्र आहे की नाही, हे तुम्ही कोणत्या सोयी घेतल्या आहेत यावर ठरतं. काही ठिकाणी कार्ड घेतलं किंवा पगार थेट जमा करून घेतला तरच ते छत्र मिळतं. जून २०२३ मध्ये ग्राहकांच्या आर्थिक हितासाठी असलेल्या इथल्या सरकारी ब्युरोने, सीएफपीबीने, नेमका हाच इशारा दिला होता : ॲपमध्ये साठलेल्या पैशांना विमा असेलच असं धरू नका. आणि छत्र असलं तरी ते मधली कंपनी कोसळली तर कामाला येईलच असं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सिनॅप्स नावाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं; ती ॲप आणि बँका यांच्यामध्ये बसून कुणाचे किती याची वही ठेवायची. वहीचा मेळ बसेना आणि लाखावर लोकांचे पैसे अडकले. बँका जागेवर होत्या, त्यामुळे विमा लागूच झाला नाही.

हे वाचून कार्ड कात्रीने कापायला निघाले होते. नवरा म्हणाला, "अगं, पण ४१२ डॉलरच आहेत." तेही खरं. शिवाय पत्रिकेत चांगल्या गोष्टीही होत्या. कार्ड ॲपमधून एका बोटाने बंद करता येतं. कार्ड चोरीला गेलं तर १९७८ च्या कायद्याने संरक्षण आहे : कळल्यापासून दोन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपली जबाबदारी फार तर ५० डॉलर, त्यानंतर ५०० पर्यंत. मात्र स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत चुकीचा व्यवहार कळवला नाही, तर त्यापुढे जे जाईल ते सगळं आपलं. क्रेडिट कार्डाला असा उतरता जिना नाही, तिथे कायद्याने ५० डॉलरपलीकडे जबाबदारी जात नाही, आणि भांडण चालू असताना पैसे त्यांचे अडकलेले असतात, आपले नाही. स्वतःच्या हाताने भामट्याला पाठवलेल्या पैशांना मात्र या कायद्याचा आधार सहसा मिळत नाही.

एक घरगुती खाचही सांगते. पेट्रोल पंपावर, म्हणजे गॅस स्टेशनवर, डेबिट कार्ड घातलं की तीस डॉलरच्या गॅससाठी शंभरावर डॉलर काही काळ अडवून ठेवले जाऊ शकतात. शिलक कमी असेल तर जानेवारीत बिग बीव्हर रोडवर, बोटं गोठत असताना, कार्ड नाकारलं जातं. त्यावर ॲपचं उत्तर तयार असतं : 'आपोआप भरणा' चालू करा, कमी पडले की तुमच्या बँकेतून आम्हीच ओढून घेऊ. तेवढं मी करणार नाही, हे पहिल्याच वाचनात ठरलं. आपोआप ओढायची सोय दिली की चोराच्या हातात नुसतं कार्ड राहत नाही, आमच्या घरखात्याची नळीच राहते.

आता मूळ गोष्टीकडे येते, जी मी नवऱ्यालाही सरळ सांगितली नव्हती. मला ते कार्ड कॅशबॅकसाठी नको होतं. माझ्या नावाचं काही तरी या देशात उभं राहावं, म्हणून हवं होतं. उद्या घराच्या कर्जाला, गाडीला, कशालाही माझं नाव एकटं लावायची वेळ आली तर माझ्यामागे काय आहे? या प्रश्नाचं उत्तर पत्रिकेत नव्हतं, ते मला ट्रॉय पब्लिक लायब्ररीत आणलेल्या एका पुस्तकात मिळालं, आणि उत्तर निराश करणारं होतं. डेबिट कार्डाने क्रेडिट हिस्टरी तयार होत नाही. पैसे आपलेच, उधार काही नाही, मग परतफेडीची नोंद कुठून होणार? वर्षभर रोज ते कार्ड वापरलं असतं तरी क्रेडिटच्या जगात मी होते तिथेच राहिले असते. १९७४ चा समान कर्जसंधीचा कायदा होण्याआधी इथल्या विवाहित बायकांनाही कर्ज घ्यायला बऱ्याचदा नवऱ्याची सही लागायची, हेही त्याच पुस्तकात कळलं. वाचून जरा बरं वाटलं आणि जरा रागही आला.

म्हणून सप्टेंबरमध्ये मी बँकेत जाऊन तीनशे डॉलर अनामत ठेवून स्वतःच्या नावावर सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घेतलं. मर्यादा तीनशेचीच. दर महिन्याला त्यावर फक्त मुलीच्या पोहण्याच्या वर्गाची फी जाते आणि मी ती पूर्ण भरते. माझ्या एकटीच्या नावाचं छोटं चेकिंग खातंही त्याच दिवशी उघडलं, आणि ॲप आता त्यालाच जोडलेलं आहे, घरखात्याला नाही. फी आली की दर रविवारी रात्री फुकटच्या मार्गाने तिकडे पाठवते. वर्गाच्या पैशांची वहीही ठेवते. ॲपकडून कराचा १०९९-के फॉर्म येण्याची मर्यादा ६०० डॉलर होणार म्हणून सगळे घाबरले होते, ती २०२५ च्या कायद्याने पुन्हा वीस हजार डॉलर आणि दोनशे व्यवहारांवर गेली. पण फॉर्म आला नाही तरी मिळकत ती मिळकतच, दाखवावी लागते. मंडळाचे पैसे यंदापासून मंडळाच्या बँक खात्यात जमा होतात. या ठरावाला सूचक मी होते आणि अनुमोदक ते दूधवाले काका.

फ्रिजवरचं कार्डही शेवटी चालू केलं. त्यात दोनशे डॉलरच्या वर ठेवत नाही, आणि प्रकार किराणा निवडला आहे. परवा दिवाळीसाठी भाजके पोहे, डाळं, खोबरं आणि चकलीची भाजणी घेतली ती त्यावरच.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मुलीने त्यांना सांगितलं, "आजी, आईला तिच्या नावाचं कार्ड मिळालंय."

"बघू, बघू," म्हणत त्यांनी चष्मा लावला. मी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, नंबरावर अंगठा ठेवून. त्यांनी नाव हळूहळू वाचलं.

"किती असतात त्यात?"

"दोनशे. जास्त ठेवत नाही."

"मग माझा डाळीचा डबाच की," त्या म्हणाल्या. मिरजेच्या घरी तूरडाळीच्या डब्यात तळाशी रुमालात बांधलेल्या नोटा असतात, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं. सासऱ्यांना अजूनही माहीत नाही. "मागची बाजू दाखव ना, काय लिहिलंय?"

"मागची नाही दाखवायची, आई."

"बरं," त्या म्हणाल्या, "चकलीला मोहन किती घातलंस?"