पडद्यावरचे वाचन आणि आकलन
विद्यापीठांतील वाचनसाहित्य आता मोठ्या प्रमाणावर पडद्यावर आले असले, तरी तेथे वाचलेला मजकूर कागदावरच्याइतकाच समजतो असे मानता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महाविश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या परीक्षणात, ५४ अभ्यास तपासले गेले आणि माहितीपर मजकुरासाठी, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागद सरस ठरला. (निव्वळ कथात्मक मजकुरात असा फरक दिसला नाही, कादंबरीप्रेमींना तेवढाच दिलासा.)

तथापि ऑनलाइन अध्यापनाचे खरे बळ पीडीएफ पाठवण्यात नसून, जे अनेक अभ्यासक्रम विसरतात, वाचकाला मध्येच थांबवून प्रश्न विचारण्यात आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु आठवड्याने, उतारा न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. स्मरणाला ताण दिल्याने होणाऱ्या या लाभाला ‘चाचणी-परिणाम’ म्हणतात. वाचताना असेच थांबून विचार करायला लावणाऱ्या, हार्वर्डमध्ये विकसित झालेल्या ‘परूझॉल’ या मंचावर विद्यार्थी एकाच मजकुराच्या समासात टिपणे व शंका लिहितात आणि एकमेकांना उत्तरे देतात, त्यामुळे वर्ग नेमका कोणत्या परिच्छेदाशी अडखळला हे शिक्षकाला तासापूर्वीच कळते.