मँडरिन मासा : निवड आणि संगोपन

दवाखान्यातून घरी परतलेल्या डॉक्टरांना फार बोलकी सोबत नको असते. दिवसभर ऐकणे आणि बोलणे पुरेसे झालेले असते. कदाचित त्यामुळेच आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी आढळते. गप्पी, एंजल, गोल्डफिश अशा गोड्या पाण्यातील माशांपासून सुरू झालेला हा छंद काहींना पुढे खाऱ्या पाण्यापर्यंत घेऊन जातो. समुद्र माळव्यापासून शेकडो मैल दूर असला, तरी कृत्रिम सागरी मीठ आणि शुद्ध पाणी यांच्या साहाय्याने इंदुरातील घरातही लहानसा समुद्र उभा करता येतो. या वाटेवर ज्या एका माशावर बहुतेकांचे मन जडते, त्या मँडरिनविषयी येथे लिहीत आहे. लिहिताना स्वतःची एक चूकही सांगणार आहे, कारण ती वैद्याला न शोभणारी होती.

ओळख

मँडरिन हा ड्रॅगोनेट या कुळातील मासा. त्याचे शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ अल्बर्ट हेर यांनी १९२७ मध्ये फिलिपिन्समधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम प्रशांत महासागरात, शांत आणि उथळ प्रवाळांच्या आडोशाला तो राहतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा असतात. चिनी सम्राटांच्या दरबारातील मँडरिन नामक अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यांवरून त्याला हे नाव मिळाले.

प्राणिसृष्टीतील निळा रंग हा बहुधा प्रकाशाच्या परावर्तनाचा परिणाम असतो. मोराचे पीस हे त्याचे परिचित उदाहरण. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरोखरीचे निळे रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी आहेत. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली. या माशाला खवले नसतात. त्याऐवजी अंगावर उग्र वासाच्या श्लेष्म्याचा जाड थर असतो. त्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि त्वचेवरील परजीवींपासूनही त्याला काही अंशी संरक्षण मिळते.

याच कुळातील ठिपक्यांचा मँडरिन आणि 'स्कूटर ब्लेनी' या चुकीच्या नावाने विकला जाणारा तपकिरी ड्रॅगोनेट हेही बाजारात दिसतात. पुढील विवेचन थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू आहे.

माझी चूक

आठ वर्षांपूर्वी एका दुकानात मी हा मासा प्रथम पाहिला आणि त्याच दिवशी घरी आणला. "डॉक्टरसाहेब, हा काहीही खातो," असे दुकानदाराने सांगितले होते. माझी पेटी तेव्हा अवघ्या तीन महिन्यांची होती. मी नियमाने कोरडे खाद्य आणि गोठवलेली बारीक कोळंबी टाकत असे. मासा तिच्याकडे पाहतही नसे. पण दिवसभर खडकावर चोच मारल्यासारखा टिपत असलेला दिसे. त्यावरून तो खात आहे, असा माझा समज झाला.

सातव्या आठवड्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, याचं पोट किती आत गेलंय, पाहिलंत का?" मी अमोनिया तपासला, नायट्राइट तपासला, पाण्याची घनता आणि सामू तपासला. सर्व तपासण्या नॉर्मल आणि रुग्ण मात्र खंगत चाललेला! नवव्या आठवड्यात तो गेला. रोज मुलांची वजने नोंदवून कुपोषणाचे निदान करणाऱ्या माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच दिवाणखान्यात, एक जीव उपासमारीने मेला होता. पुढे वाचन केल्यावर कळले की, घरगुती पेट्यांतील मँडरिनच्या मृत्यूचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे.

उपासमार का होते?

मँडरिनचा नैसर्गिक आहार म्हणजे खडकांवर राहणारे कोपेपॉड व ॲम्फिपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव, बारीक कृमी आणि माशांची अंडी. तो सावकाश सरकत, एकेक भक्ष्य डोळ्यांनी हेरून टिपतो आणि हे काम दिवसभर चालते. एका वेळी पोटभर खाऊन ठेवण्याची त्याच्या शरीराची रचना नाही. साहजिकच सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य टाकण्याची आपली पद्धत त्याला उपयोगी पडत नाही. पाण्यात पडलेले निर्जीव अन्न हे अन्न आहे, हेच समुद्रातून पकडून आणलेल्या अनेक मँडरिनांना उमगत नाही. शिवाय चपळ मासे ते क्षणात फस्त करतात. नव्या पेटीत जे थोडे कोपेपॉड असतात, ते एकटा मँडरिन काही आठवड्यांत संपवतो आणि मग रिकाम्या खडकावर शोध घेत राहतो. मी पाहिलेले टिपणे ते हेच.

पेटीची तयारी

यास्तव मासा आणण्यापूर्वी त्याच्या अन्नाची वसाहत उभी करावी लागते. पेटी किमान दोनशे लिटरची असावी. मोठी असल्यास अधिक चांगले. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यावर पेटी तयार झाली असे अन्य माशांबाबत म्हणता येईल. मँडरिनसाठी मात्र सहा महिने ते एक वर्ष थांबणे आवश्यक आहे.

कोपेपॉडांना लपण्यासाठी व वाढण्यासाठी भरपूर सच्छिद्र खडक हवा. येथे एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. आपल्या देशात प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. किनाऱ्यावरून कोणी प्रवाळखडक आणून देऊ लागल्यास तो घेऊ नये. सिमेंट किंवा सिरॅमिकचे तयार खडक वापरून त्यांवर कोपेपॉडांचे विरजण घालावे. विरजण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दह्याप्रमाणेच येथेही थोड्यातून पुष्कळ होते, मात्र वेळ द्यावा लागतो. हे विरजण रात्री, दिवे मालवल्यावर सोडावे आणि त्यांच्या पोषणासाठी सूक्ष्म हिरव्या शैवालाचे द्रावण नियमित घालावे. मुख्य पेटीला जोडून शैवाल वाढवलेली एक लहान पेटी ठेवल्यास माशांच्या तोंडापासून सुरक्षित राहून कोपेपॉड तेथे वाढतात आणि पाण्याबरोबर मुख्य पेटीत येत राहतात.

तयारी पुरेशी झाली की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. दिवे मालवल्यानंतर दोन तासांनी काचेवर विजेरीचा झोत टाकावा. पूर्णविरामाएवढे पांढरे ठिपके जागोजागी हालताना दिसले, तर कोठार भरले आहे असे समजावे. दोन-चारच दिसले, तर आणखी थांबावे.

पाण्याविषयी थोडक्यात. नळाला येणारे नर्मदेचे पाणी थेट वापरू नये. आरओ आणि त्यापुढे आयननिर्मूलन केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून घनता १.०२५ च्या आसपास ठेवावी. तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस असावे. माळव्यातील मे महिन्यात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र लागते, आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही हाताशी हवा.

माशाची निवड

दुकानात प्रथम रंग पाहू नये, पोट पाहावे. छातीच्या परांमागील भाग भरलेला, गोलसर असावा. तेथे खळगा पडला असेल किंवा पाठीकडील कडा उठून दिसत असेल, तर तो मासा खंगलेला आहे; तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. अंगावर पकडताना झालेल्या बारीक जखमा नसाव्यात, डोळे स्वच्छ असावेत. मासा दुकानात येऊन किती दिवस झाले ते विचारावे आणि आपल्यासमोर खाद्य घालण्याची विनंती करावी. गोठवलेले खाद्य टिपणारा मासा मिळाल्यास अर्धी चिंता मिटते. परदेशातील संवर्धन केंद्रांत जन्मलेले मँडरिन आता उपलब्ध होऊ लागले आहेत. तयार खाद्याची त्यांना लहानपणापासून सवय असते आणि समुद्रातील साठ्यावरही ताण येत नाही. असा मासा मिळत असेल, तर त्यालाच पसंती द्यावी.

पाठीवरील पहिल्या पराचा पुढचा काटा लांब असतो तो नर. दोन नर एका पेटीत ठेवू नयेत; ते जीव जाईपर्यंत भांडतात. कोपेपॉडांवरच जगणारे अन्य मासे आणि मोठी समुद्रफुलेही सोबतीला नकोत. पेटीला झाकण असावे.

आजारी पडल्यास ताम्रयुक्त औषध पेटीत टाकण्याचा मोह आवरावा. खवले नसलेल्या या माशाला ते झेपत नाही, आणि त्याचे अन्न असलेले कोपेपॉडही त्याने मरतात. नवीन येणारा प्रत्येक अन्य मासा आधी वेगळ्या पेटीत काही आठवडे ठेवणे, हा त्यावरचा खरा उपाय होय. उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, हे आपण रुग्णांना रोज सांगतोच.

शेवटी

पहिल्या माशानंतर मी चौदा महिने दुसरा आणला नाही. त्या काळात दर रविवारी रात्री विजेरी घेऊन काचेवरचे ठिपके पाहत असे. घरची मंडळी हसत. "रिकाम्या पेटीत काय बघता?" असे नातवाने विचारले, तेव्हा त्याच्या हाती विजेरी दिली आणि पेटी रिकामी नाही हे त्याने स्वतःच पाहिले. त्यानंतर आणलेल्या मँडरिनला आता चौथे वर्ष चालू आहे. पोट गोल आहे. संध्याकाळी दिवे मंद झाले की तो खडकाआडून बाहेर येतो आणि सावकाश टिपू लागतो.

हा मासा घ्यावा की घेऊ नये, असे अनेक जण विचारतात. ज्यांना वर्षभर थांबणे शक्य आहे, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी क्लाउनफिश पाळावा. तो देखणा आहे, आणि दिलेले खाद्य आनंदाने खातो. पाहुण्याला बोलावण्यापूर्वी त्याच्या ताटाची सोय करावी, ही आपल्या घरातील जुनीच रीत आहे. मँडरिनच्या बाबतीत ती पाळली, तर पुढचे फारसे अवघड नाही.