किशोरवयीन स्थूलता आणि आहारसवयी : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

स्थूलता ही महानगरांतील संपन्न कुटुंबांची समस्या होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. २०१६-१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश, तर सुमारे ५ टक्के अतिवजनाची आढळली. पहिल्या आकड्यापुढे दुसरा झाकोळून जातो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, भारतीय अर्भक वजनाने कमी भरले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. त्यामुळे आपल्याकडे मधुमेहाचा धोका कमी वजनावरही संभवतो.

आपला परिसर उसाचा. येथे पाहुण्याला चहा आणि आनंदाला कंदी पेढा हवाच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतल्यास सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅम आहे. माण-खटाव वा जत-आटपाडी भागातील विद्यार्थी पहाटेच्या एसटीसाठी केवळ चहा घेऊन निघतो. ज्याच्या शिवारात शाळू पिकतो, त्याचे दिवसाचे पहिले अन्न उपाहारगृहातील वडापाव ठरते!

अशा विद्यार्थ्याला 'कमी खा' असे सांगणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे. वाढीच्या वयात उपासमार नको. उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी पुष्कळदा पुरेसे असते. वजन उतरावे म्हणून उपवास धरून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या विद्यार्थिनी आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. एकट्या मुलासाठी वेगळे ताट वाढण्यापेक्षा घरातील सर्वांचाच चहा कमी गोड होणे अधिक परिणामकारक ठरते. वर्गात त्याच्या शरीरावरून होणारी थट्टा रोखणे हे मात्र शिक्षकाचे काम आहे. अपमानित मूल मैदान टाळते आणि एकांतात अधिक खाते. मानेवरील त्वचा काळवंडणे किंवा मासिक पाळीची अनियमितता आढळल्यास पालकांशी खाजगीत बोलून वैद्यकीय तपासणी सुचवावी.

उपाहारगृहाचा ठेका बहुधा दरवर्षी नव्याने दिला जातो. त्या वेळी दरपत्रकात भाकरी-उसळ, मोड आलेली मटकी, ताक आणि कमी साखरेचा चहा यांचा समावेश करण्याची अट प्राध्यापकांनी घालावयास हवी, आणि त्यांचा दर वडापावाहून अधिक नसावा.