एस. टी.चे तिकीट

मंडळी, एस. टी.त बसलो की आपण तिकीट घेतो. घेतलं की खिशात कोंबतो, नाही तर पदराला बांधतो. उतरलो की ते वाऱ्यावर जातं. आता तुम्हाला अक्षरं जुळवता येऊ लागली आहेत. तेव्हा पुढच्या खेपेला ते टाकू नका. उलगडून वाचा.

आधी एस. टी. कुठून आली ते थोडक्यात सांगतो. पूर्वी रस्त्यांवर खाजगी मोटारी चालत. गाडी भरल्याशिवाय मालक ती हलवत नसे. म्हणून त्या वेळच्या मुंबई सरकारनं स्वतःच्या गाड्या काढल्या. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात. १९५० साली कायदा झाला आणि महामंडळ निघालं. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. मग महामंडळाला आजचं नाव मिळालं : महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. नाव लांबलचक आहे खरं. पण वाचायच्या सरावाला चांगलं आहे! परिवहन म्हणजे ने-आण.

आमच्या लहानपणी एस. टी. म्हणजे नुसती गाडी नव्हती. टपालाची पिशवी तिच्यातूनच येई. वर्तमानपत्राचा गठ्ठा तिच्यातूनच येई. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे सकाळच्या गाडीनं जात. आई डब्याला फडकं बांधून कंडक्टरच्या हाती देई. डबा बरोबर पोचे. रात्री मुक्कामी गाडी येई. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळात पथारी टाकत. घड्याळ फार थोड्या घरी होतं. बायका म्हणत, "मुक्कामी गाडी आली, आता भाकऱ्या टाका."

त्या वेळी कंडक्टरजवळ पत्र्याची पेटी असे. तिच्यात रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे. प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. भाडं जास्त असलं तर दोन-तीन तिकिटं जोडून देत. हातात चिमटा असे. तो टिकटिक वाजवत कंडक्टर गर्दीतून वाट काढी. तिकिटावर आकडे छापलेले असत, त्यांतल्या एका आकड्यावर चिमट्यानं भोक पाडी. ते भोक टप्प्याचं असे. शिकलेल्या माणसालाही ते चटकन उमगत नसे. मग न शिकलेल्याची काय कथा?

सुट्टे पैसे नसले तर कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहून देई. "उतरताना मागून घ्या," म्हणे. ज्याला आकडा वाचता येई तो मागून घेई. ज्याला येत नसे तो पुष्कळदा विसरून उतरे. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचेही पैसे असे गेलेले आम्हाला ठाऊक आहेत. कुणी मुद्दाम बुडवले असं नव्हे. मागितले नाहीत, एवढंच.

आता चिमटा गेला आणि पेटीही गेली. कंडक्टरच्या हातात यंत्र आलं. तो बटणं दाबतो आणि चिठ्ठी बाहेर येते. अलीकडे मोबाईलनंही पैसे देता येतात, म्हणजे सुट्ट्यांचा तंटा मिटला. यंत्राच्या चिठ्ठीचा फायदा असा की तिच्यावर सगळं छापलेलं असतं. कुठून बसलो, कुठे उतरणार, तारीख, वेळ, माणसं किती, पैसे किती. तोटा एकच. शाई लवकर उडते. उन्हात ठेवली की कागद कोरा!

भाडं कसं धरतात तेही समजून घ्या. एस. टी.चा एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. समजा, तुमचं गाव तालुक्यापासून १४ किलोमीटर आहे. ६ आणि ६ झाले १२. उरले २. त्या २ किलोमीटरचाही पुरा टप्पा धरतात. म्हणजे भाडं ३ टप्प्यांचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं.

मोठ्या माणसांनाही सवलती आहेत. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. ज्येष्ठांनी वयाचा सरकारी पुरावा जवळ ठेवावा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, बरं का.

आमच्या रात्रीच्या वर्गातली एक बाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन तालुक्याला निघाली होती. चिठ्ठी हातात आली. तिनं अक्षर अक्षर लावून वाचली. एक पूर्ण, एक अर्धं, असं निघालं. ती म्हणाली, "दादा, दोन्ही अर्धीच पाहिजेत ना?" कंडक्टरनं पाहिलं. घाईत बटण चुकलं होतं. त्यानं मुकाट्यानं दुरुस्त करून दिलं. ती दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती चिठ्ठी घेऊनच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याचा प्रवास फुकट, त्यालाही तिकीट मिळतं. त्यावर पैशांच्या जागी शून्य असतं. पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात, "पैसेच नाहीत तर चिठ्ठी कशाला?" गर्दीत कंडक्टरही कधी सोडून देतो. इथेच घोटाळा होतो. तुम्ही न दिलेले पैसे सरकार एस. टी.ला भरून देतं. ते तिकिटाच्या हिशेबावर. तिकीट नाही, तर तुम्ही गाडीत बसलाच नाही असं धरतात. गाडीत माणसं किती भरली, त्या हिशेबाला एस. टी.त भारमान म्हणतात. ज्या गाडीचं भारमान कमी, ती गाडी बंद पडायची भीती.

आणि आज ही भीती मोठी आहे. घरोघर मोटरसायकली झाल्या. वडाप आणि काळी-पिवळी जीप दारात येऊन हाका मारते. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एस. टी.चा मोठा संप झाला. त्या वेळी गेलेले पुष्कळ उतारू परत आलेच नाहीत. मग एस. टी.त राहिलं कोण? म्हातारी माणसं, बाया आणि शाळेची पोरं. पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना पासही फुकट आहे. ज्यांच्याजवळ दुसरं वाहन नाही, त्यांची ही गाडी.

आमच्या गावची संध्याकाळची गाडी मागल्या वर्षी बंद होणार असं कानावर आलं. आम्ही चौघे आगारात गेलो. साहेबांनी वही दाखवली. भारमान फार कमी. आम्ही म्हणालो, गाडी तर रोज भरलेली असते! मग आठ दिवस आम्ही थांब्यावर उभे राहून मोजलं. रोज दहा-बारा म्हातारी माणसं तिकिटाशिवाय उतरत होती. आम्ही घरोघर जाऊन सांगितलं, शून्याचं तिकीट मागून घ्या. मोजणीचा कागद अर्जाला जोडून दिला.

गाडी अजून चालू आहे. संध्याकाळी सहाला तालुक्याहून सुटते. कॉलेजच्या सात मुली तिनंच घरी येतात.